देव दूर वाटतो तेव्हा त्याच्याशी काय बोलावं?

जय ख्रिस्त, ताई.

रोज शास्त्र वाचते, प्रार्थना करते, रविवारची उपासना चुकवत नाही, तरी देव आपला असा वाटत नाही. जवळीक वाढायला आणखी काय करू, असं तुम्ही विचारलंय. माझं मत विचाराल तर आणखी काही वाढवू नका. जे करताय त्यातच एक बदल करा: देवाशी खरं बोला.

आपण प्रार्थना शिकतो ती मोठ्यांची ऐकून. 'हे कृपाळू, दयाळू स्वर्गीय पित्या' इथून सुरुवात, मग उपकारस्तुती, मग मागण्या, शेवटी 'येशूच्या नावाने मागतो, आमेन'. या रचनेत वाईट काहीच नाही. पण मनात एखाद्या न मिळालेल्या उत्तराचा राग साचलेला असतो आणि तोंड मात्र उपकार मानत राहतं. ज्याला आपण मनातलं सांगतच नाही, तो जवळचा वाटणार तरी कसा? देवाला सगळं ठाऊक आहे हे खरं, पण त्याच्यापुढे आपण होऊन मन मोकळं करण्यानं आपल्यात फरक पडतो.

यासाठी बायबलमधल्या स्तोत्रसंहितेसारखा, म्हणजे स्तोत्रांच्या पुस्तकासारखा, गुरू नाही. तिच्यातल्या १५० स्तोत्रांत विलापाची स्तोत्रं मोठ्या संख्येनं आहेत. तेराव्या स्तोत्रात पहिल्या दोनच वचनांत चार वेळा 'कोठवर' असं विचारलंय. अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं. बहुतेक विलापस्तोत्रं शेवटी भरवशाकडे वळतात, हे वळत नाही. तरीही ते पवित्र शास्त्रात आहे, आणि देवाच्या लोकांनी ते उपासनेत म्हटलं आहे. मला यात फार मोठा दिलासा वाटतो. त्या स्तोत्रकर्त्याची तक्रार देवाबद्दल इतरांकडे नाही, ती थेट देवाकडे आहे. पहिल्याच वचनात तो देवाला आपला तारणारा म्हणतो आणि मग भांडतो. हा विश्वासच आहे, ताई. खुद्द प्रभू येशूनं वधस्तंभावर बाविसाव्या स्तोत्राचे शब्द घेतले: 'माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?' पुत्रानं पित्याला हे विचारलं, तर आपण विचारायला का घाबरावं?

आता वाचनाबद्दल. वर्षभरात बायबल पूर्ण करायच्या तक्त्याप्रमाणे वाचते, असं तुम्ही लिहिलंय. आपल्या बायबलात ११८९ अध्याय आहेत, म्हणजे रोज तीनहून जास्त. शास्त्राची ओळख व्हायला हे उत्तम, पण त्यात पान संपवण्याची घाई शिरते आणि एक दिवस चुकला की अपराधी वाटू लागतं. काही काळ तक्ता बाजूला ठेवा. एकच स्तोत्र घ्या आणि आठवडाभर तेच मोठ्यानं, सावकाश वाचा. जिथे मन अडेल तिथे थांबा, आणि त्या ओळीपासून आपल्या शब्दांत प्रार्थना करा. ही जुनी वाट आहे. बाराव्या शतकात ग्विगो नावाच्या मठवासी संन्याशानं तिच्या चार पायऱ्या लिहून ठेवल्या: वाचन, मनन, प्रार्थना आणि मग देवापुढे नुसतं शांत राहणं. चौथी पायरी आपल्याकडून हमखास सुटते. बोलून झालं की लगेच उठू नका, थोडं बसा. त्या वेळी काही जाणवलं नाही तरी चालेल. जवळीक रोजच्या भावनेवर मोजू नये.

एक गोष्ट मात्र आवर्जून तपासा. थकवा आहे का? बायबलमधल्या '१ राजे' या पुस्तकाच्या १९ व्या अध्यायात एलीया संदेष्टा मरण मागत झुडपाखाली झोपतो. देव त्याला उपदेश करत नाही. दूत दोनदा उठवून खायला देतो. पुढे होरेब डोंगरावर एलीया तीच तक्रार त्याच शब्दांत दोनदा मांडतो, आणि देव दोन्ही वेळा ऐकून घेतो. तेव्हा झोप पुरेशी होत नसेल, तर आधी झोपा. आणि आठवडेच्या आठवडे झोप-भूक उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर डॉक्टरांना भेटा. त्यात अविश्वास काही नाही.

कोणाशी अबोला असेल तर मत्तय ५:२३-२४ वाचा. प्रभू तिथे अर्पण वेदीपुढे ठेवून आधी भावाशी समेट करायला सांगतो. प्रार्थना कोरडी पडण्याचं कारण कधीकधी इथंच सापडतं.

सुरुवात तेराव्या स्तोत्रापासून करा. सहाच वचनं आहेत, आणि शेवटी ते भरवशाकडे वळतं. तुमचं मन अजून तिथवर आलं नसेल तर पहिल्या चार वचनांवरच थांबा, पुढची ओढूनताणून म्हणू नका. अठ्ठ्याऐंशीवं मागाहून घ्या, आणि ते मंडळीतल्या एखाद्या विश्वासू बहिणीबरोबर बसून वाचा.