नाटक न बघता नाटकाची गाणी कशी ऐकायची?

प्रश्न : माझी भाची पुण्याला असते, तिनं मला एका नव्या अमेरिकन म्युझिकलच्या गाण्यांची लिंक पाठवलीये, नाव 'मेबी हॅपी एंडिंग', आणि रोज फोन करून विचारते की मावशी ऐकलंस का. दोनदा ऐकलं. एकदा चटणीसाठी शेंगा भाजताना, एकदा दुपारी पडल्या पडल्या, शेजारी मागाची खटखट चालूच. दोन-तीन गाणी गोड वाटली, बाकी कोण कुणाला काय म्हणतंय पत्ता नाही, मधेच गातात मधेच बोलतात. नाट्यगीतं ऐकत मोठी झाले मी, त्यामुळे कानात दोष नसावा! आमचे हे म्हणतात नाटक बघायचं असतं, ऐकायचं कशाला, सोडून दे. सोडू का?
— एक निवृत्त शिक्षिका, सोलापूर

उत्तर : ताई, सोडू नका, आणि साहेबांना सांगा की बालगंधर्वांना स्टेजवर न बघता नुसत्या तबकडीवर ऐकून वेडी झालेली माणसं आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या आहेत. नाटक न बघता नाटकाचं गाणं ऐकणं ही काय अमेरिकेची फॅशन नाही.

पण गोची पण तिथंच आहे बघा. जुन्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावायची, आणि तेच पद थिएटरात वन्समोअर घेत घेत कितीही लांबायचं, म्हणजे तबकडीवर यायचा तो पदाचा अर्क. तेवढ्यानंही भागायचं कारण आपलं नाट्यपद स्वतःच्या पायावर उभं असतं, राग आहे, ताना आहेत, सुभद्रा कुणावर रुसलीये हे माहीत नसलं तरी मान डोलते. आपला कान असा एकेक पद सुटं उचलायला शिकलाय. म्युझिकलचं तसं नसतं. तिथं गाणं सुरू होतं तेव्हा पात्र एक ठरवत असतं आणि संपेपर्यंत दुसरंच ठरवून बसतं, म्हणजे प्रवेशच गाण्यात घडतो. तुम्ही ऐकलं ते बहुतेक फुकटातल्या ॲपवर, तिथं कधी कधी गाणी उलटसुलट लागतात आणि मधे जाहिराती. तिसऱ्या अंकानंतर पहिला अंक लावला तर 'सौभद्र' तरी कळेल का हो?

आता गोष्ट सांगतो, शेवट नाही सांगत. पुढच्या काळातलं सोल शहर, कोरियातलं. माणसांची कामं करणारे दोन रोबो, ऑलिव्हर आणि क्लेअर, दोघंही आता जुने झालेत, मालकांनी काढून टाकलेले, एकाच बिल्डिंगीत समोरासमोर राहतात. तिचा चार्जर बिघडतो म्हणून ती त्याचं दार वाजवते, आणि तिथून सुरू. त्याला जेजू बेटावर जाऊन जुन्या मालकाला भेटायचंय, तिला तिथले काजवे बघायचेत. (भंडारदऱ्याला पावसाच्या तोंडावर लोक जातात ना, तसंच.) ऑलिव्हरला जुन्या जॅझच्या रेकॉर्डींचा भारी नाद, त्यामुळे मधूनमधून एक तिसराच आवाज जुन्या पद्धतीची गाणी म्हणतो, तो गोष्टीतला माणूस नाही, त्या रेकॉर्डवरचा गायक आहे. तुमचा गोंधळ तिथं झाला असणार, मी पण पहिल्यांदा म्हटलं हा कोण आता. स्टेजवर सगळे मिळून चार जण, म्हणजे आवाज ओळखायला सोपे. विल ॲरॉन्सन आणि ह्यू पार्क या दोघांनी लिहिलंय, आधी 2016 मधे सोलमधेच कोरियन भाषेत झालं, मग न्यूयॉर्कला ब्रॉडवेवर, म्हणजे तिथल्या मोठ्या थिएटरांत आलं, आणि 2025 चं सर्वोत्तम म्युझिकलचं टोनी, म्हणजे ब्रॉडवेचं मोठं पारितोषिक, मिळालं.

ऐकताना एकच गोष्ट पकडा. आधी ऐकलेली चाल पुढं परत येते, शब्द थोडे बदलून किंवा तेच शब्द दुसऱ्या तोंडी. त्याला ते लोक रिप्राइज म्हणतात. तुम्हाला हे अगदी नवीन नाही, आपल्याकडं याचंच उलटं झालंय, 'कट्यार काळजात घुसली'मधे 'घेई छंद मकरंद' दोन वेगळ्या चालींत येतं ना? शब्द तेच, घराणी दोन, आणि सगळं भांडण त्या दोन चालींमधे. नुसतं वसंतरावांचं ऐकलं तर गाणं मिळतं, दोन्ही ऐकली तर नाटक मिळतं. (त्या नाटकातल्या झरीना म्हणजे फैयाज आपल्या सोलापूरच्या, हे सांगायची संधी मी सोडत नसतो.)

तर भाचीला म्हणावं गाण्यांचे शब्द पाठव, आणि शेंगा भाजताना नको, एकदा पुण्याला जाल तेव्हा हुतात्मा एक्सप्रेसमधे खिडकीशी बसून हेडफोन लावून पहिल्यापासून क्रमानं ऐका, दौंडच्या आधीच संपेल. साहेबांचं एक मात्र बरोबर आहे. दिवे, सेट, गप्प उभं राहून कोण कुणाकडं बघतंय हे रेकॉर्डिंगमधे येत नाही, आणि कधी कधी मुद्दाम ठेवतच नाहीत, 'हॅमिल्टन' या दुसऱ्या एका अमेरिकन म्युझिकलच्या अल्बममधे 46 ट्रॅक आहेत तरी एक छोटा प्रवेश थिएटरात येणाऱ्यांसाठी राखून ठेवला होता. हे मला आवडलं. काहीतरी राहू द्यावं की.

प्रश्न : आमच्या कॉलेजच्या एकांकिकेत पाच गाणी आहेत, सगळी आमचीच. प्रयोगाला मोबाइलवर रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकू का?
— एक विद्यार्थी, जुळे सोलापूर

उत्तर : प्रयोगात करू नकोस बाबा. पंखे, खुर्च्या, खोकला आणि तुझ्या मित्रांच्या शिट्ट्या एवढंच येईल. मोठ्या म्युझिकलवाले पण रेकॉर्डिंग सहसा वेगळं स्टुडिओत करतात, कारण नाचून दमलेला श्वास माइकला लगेच कळतो. तुम्ही प्रयोग झाल्यावर दोन-तीन दिवसांत करा, तोवर गाणी अंगात असतात. गाद्या-चादरींनी भरलेली खोली बघा, सोलापुरात चादरींना काय तोटा, भिंतींना लटकवा म्हणजे आवाज घुमत नाही. गाण्याच्या आधीची दोन वाक्यं ठेवा, नाहीतर ऐकणाऱ्याला कळायचं नाही हा रडतोय कशाला. आणि ज्यानं लिहिलंय, ज्यानं चाल लावलीये त्यांना आधी विचारून नावं घाला, दोस्त असले तरी.