सॉफ्टवेअर आर्किटेक्चर शिकायला सुरुवात कुठून करावी? सॉलिड, डिझाइन पॅटर्न्स की थेट मायक्रोसर्व्हिसेस?

तुम्ही लिहिलंय की दोन वर्षं नोकरी झाली, कोड लिहिता येतो, पण मुलाखतीत ‘ही सिस्टिम कशी डिझाइन कराल’ असं विचारलं की तोंडाला कुलूप लागतं. आणि एक मित्र सांगतोय की बाकी सगळं जुनं झालं, थेट मायक्रोसर्व्हिसेस शीक, म्हणजे एक मोठा प्रोग्रॅम तोडून नेटवर्कवरून एकमेकांशी बोलणारे छोटे प्रोग्रॅम करायला. तुमचा मित्र कोण ते मला माहीत नाही, पण तसाच एक माझ्या घरात आहे. माझा आतेभाऊ. म्हणून कामं बाजूला ठेवून हे लिहायला बसलोय.

मी बेळगावचा. टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटाजवळच्या एका गाळ्यात आम्ही दोघं २००८ पासून उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्र्यांसाठी, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यांसाठी, पॅकेज लिहायचो. बिलिंग, स्टॉक, जॉबवर्कची चलनं. मायक्रोसॉफ्टची जुनी भाषा व्हीबी सिक्स आणि खाली अ‍ॅक्सेसचा डेटाबेस. हसू नका, त्याच्यावर दोघांची घरं चालली.

तेव्हा जीएसटीच्या आधीचा राज्याचा विक्रीकर, व्हॅट, होता. कर्नाटकातल्या गिऱ्हाईकाला माल विकला तर व्हॅट, राज्याबाहेर विकला तर सीएसटी म्हणजे केंद्रीय विक्रीकर, आणि गिऱ्हाईकाकडून सवलतीचा सी-फॉर्म मिळाला तर तो २ टक्के. आता पार्टी राज्यातली की बाहेरची हे पॅकेजला कळणार कसं? पार्टीच्या फॉर्मवर राज्याचा रकानाच नव्हता. पहिल्या गिऱ्हाईकाच्या सगळ्या पार्ट्या बेळगाव नाहीतर कोल्हापूरच्या, राज्य लिहायची गरज कुणाला पडली नव्हती. म्हणून मी कोडमध्ये गावांची यादी ठेवली, इंग्रजी स्पेलिंगमध्ये. बेलगाम, हुबळी, गोकाक, निपाणी, बंगलोर वगैरे. गाव यादीत असेल तर व्हॅट, नसेल तर सीएसटी. पहिलंच नाव बेलगाम, आणि कोडही तसाच, बेलगाम. होय, ती यादी माझीच. आतेभाऊ हे सगळीकडे सांगत फिरतो, तर मीच सांगून टाकतो.

सहा वर्षं ती यादी चालली. मग १ नोव्हेंबर २०१४ उजाडला. आमच्याकडे या तारखेला एका गल्लीत कर्नाटकचा राज्योत्सव असतो आणि दुसरीत मराठी भाषिकांचा काळा दिवस, ते दरवर्षीचंच. पण त्या दिवशी कर्नाटकातल्या १२ शहरांची इंग्रजी नावं सरकारी कागदावर बदलली. बेलगामचं बेळगावी झालं, हुबळीचं हुब्बळ्ळी, बंगलोरचं बेंगळुरू. घरात आम्ही बेळगावच म्हणतो, पण फाउंड्रीत डिस्पॅचला बसणाऱ्या पोराला तो वाद कुठला? त्याला कुणीतरी सांगितलं, आता पत्ता नव्या नावाने टाक. त्याने नव्या पार्ट्या नव्या नावाने टाकल्या, जुन्या तशाच राहू दिल्या.

आता काय झालं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. तिसऱ्या गेटापलीकडचा गिऱ्हाईक, सायकलवर टांग मारून जावं इतका जवळचा, आणि पॅकेज त्याला परराज्यातला समजून सीएसटी लावतंय. एरर नाही, पॅकेज बंद पडलं नाही, बिलं झोकात छापून जात होती. महिन्याचं रिटर्न भरायला बसल्यावर फाउंड्रीच्या हिशेबनीस काकांच्या लक्षात आलं. ४१ बिलं. त्यांनी फोन केला आणि एकच वाक्य बोलले, “अरे बाबा, आपलं उद्यमबाग महाराष्ट्रात गेलं काय रे? सांगायचं तरी.” सीमाभागातल्या माणसाने हा विनोद करावा म्हणजे तो किती भडकला असेल बघा.

आम्ही पोचलो तेव्हा संध्याकाळचे साडेसात. फाउंड्रीच्या गेटवर कास्टिंग भरलेला ट्रक उभा, बिलाशिवाय सुटेना. आतेभावाने मशीन उघडलं, यादीत नवं स्पेलिंग घातलं, एक्झी बनवली, दहा मिनिटांत बिल. “झालं की! उरलेलं उद्या नीट करू.” सावकार, म्हणजे फाउंड्रीचे मालक, खूश, ड्रायव्हर खूश.

मी मात्र काकांच्या टेबलाशी बसलो होतो. त्यांना विचारलं, काका, तुम्ही कशावरून ओळखता पार्टी कुठल्या राज्यातली ते? त्यांनी चष्म्यावरून बघितलं. म्हणाले, व्हॅटच्या नोंदणीचा टिन नंबर ११ आकडी असतो, पहिले दोन आकडे राज्याचे. २९ म्हणजे आपण, २७ म्हणजे महाराष्ट्र. हे तुला माहीत नाही?

नव्हतं. सहा वर्षं मी त्या माणसाचं पॅकेज लिहीत होतो आणि तो टिन नंबर माझ्याच डेटाबेसमध्ये, फक्त बिलावर छापायला म्हणून, पडून होता.

दुसऱ्या दिवशी आणखी एक भानगड निघाली. ती यादी तीन ठिकाणी होती. बिलाच्या स्क्रीनवर, क्रेडिट नोटमध्ये आणि विक्री रजिस्टरच्या रिपोर्टमध्ये. भावाने दुरुस्त केली एकाच ठिकाणी. म्हणजे बिलात व्हॅट आणि रजिस्टरात तेच बिल सीएसटीखाली. यावरून आमचं जे भांडण झालं ते डिसेंबरभर पुरलं. मी म्हणायचो, यादीच काढून टाकू, ‘ही विक्री राज्यातली आहे का’ हा प्रश्न एकाच फंक्शनला विचारायचा आणि त्याने टिन बघून उत्तर द्यायचं. तो म्हणायचा, चालतंय की, चालत्याला कशाला हात लावतोस? मेल्विन कॉन्वे या माणसाने १९६८ मध्येच लिहून ठेवलंय की सिस्टिमची रचना ती बनवणाऱ्या माणसांच्या आपसातल्या बोलण्यासारखी होते. आम्ही दोघं बोलत नव्हतो, बिल आणि रजिस्टरही बोलत नव्हतं. शेवटी नाताळच्या सुट्टीत मी एकट्याने बसून बिल आणि क्रेडिट नोट बदलली. रजिस्टर त्याच्याकडे होतं.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो.

डेव्हिड पार्नास या संगणकशास्त्रज्ञांचा १९७२ चा एक निबंध आहे, प्रोग्रॅमचे मॉड्यूल कशाच्या आधारावर पाडावेत यावर. त्यात ते एकच छोटा प्रोग्रॅम दोन तऱ्हांनी तोडून दाखवतात. पहिली तऱ्हा म्हणजे कामाच्या क्रमाने: आधी वाचा, मग जुळवा, मग छापा. आपण सगळे सहज तसंच तोडतो. दुसरी तऱ्हा अशी की जो निर्णय पुढे बदलण्याची शक्यता आहे, तो एका मॉड्यूलच्या पोटात लपवा, बाकीच्यांना तो दिसूच देऊ नका. माझी बिल, क्रेडिट नोट, रजिस्टर ही वाटणी अगदी पहिल्या तऱ्हेची होती. ‘राज्यातली की बाहेरची’ हा निर्णय कुणाच्याच पोटात नव्हता, तिघांच्या अंगावर सांडलेला होता. सुरुवात इथून करा. सॉलिड म्हणजे डिझाइनच्या पाच नियमांची आद्याक्षरं; ती पाच अक्षरं पाठ करून मुलाखत निघेल, पण त्यातलं पहिलं अक्षर, एका मॉड्यूलला बदलायचं एकच कारण असावं, हे पार्नासचंच म्हणणं वेगळ्या कपड्यात आहे. ते कळलं तर उरलेली चार निवांत वाचा. डिझाइन पॅटर्न्स, म्हणजे नेहमीच्या अडचणींची ठरीव उत्तरं, त्यांची नावं ओळखण्यापुरती वाचा, कोडमध्ये मुद्दाम घुसवू नका.

पॅटर्नवरून आठवलं. उद्यमबागेत पॅटर्न म्हणजे लाकडाचा, ज्याच्यावरून वाळूत साचा पाडतात तो. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, थंड होताना मीटरला साधारण १० मिलिमीटर आखडतं, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करतात, हे सगळ्यांना माहीत असतं. पण जास्तीची माया कुठे ठेवायची हा मिस्त्रीचा खरा प्रश्न असतो. ड्रॉइंग हातात आलं की चांगला पॅटर्न मिस्त्री आधी विचारतो, यातलं मशीनवर काय जाणार? जो पृष्ठभाग लेथवर किंवा मिलिंगला जाणार, तिथेच तो जादा मटेरियल ठेवतो. सगळीकडे ठेवलं तर कास्टिंग जड होतं, बीड वाया जातं आणि मालक शिव्या घालतो.

आणि इथे मी तोंडावर आपटलो, तेही सांगतो. यादीच्या प्रकरणाने पोळल्यावर २०१५ मध्ये मी ‘कर इंजिन’ नावाचं प्रकरण केलं. सगळं टेबलमधून बदलता येईल असं. दर, राउंडिंग, तारखा, सूट, १९ सेटिंग. सहा महिने घालवले. त्यातली दोनच कुणी कधी बदलली. आतेभाऊ म्हणायचा, हे इंजिन कुठल्या गाडीला लावणार आहेस? मग १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. आणि माझ्या इंजिनात दर कितीही बदला, पण एका ओळीला कर एकच, हे पक्कं बसलेलं. राज्यातल्या विक्रीला केंद्राचा सीजीएसटी आणि राज्याचा एसजीएसटी असे दोन लागतात. म्हणजे माया ठेवली तिथे शिवण कधी उसवली नाही, आणि उसवली तिथे माया नव्हती. तिथे त्याचं बरोबर होतं. लिहिताना बोटं दुखतात, पण होतं.

पण दुसरी बाजूही ऐका. जीएसटी नंबर १५ अक्षरी झाला, तरी पहिले दोन आकडे राज्याचेच राहिले, २९ आणि २७ सुद्धा तेच. माझं ते एक फंक्शन, ज्यासाठी डिसेंबरभर अबोला धरला, त्याला हात लावायला अर्धा तास पुरला.

मग सावकारांनी शिनोळीत दुसरी शेड घेतली. बेळगावातून गाडीने अर्ध्या तासाच्या आत, पण चंदगड तालुका, कोल्हापूर जिल्हा, महाराष्ट्र. जीएसटीत एकाच मालकाच्या दोन राज्यांतल्या नोंदण्या म्हणजे दोन वेगळ्या व्यक्ती. जॉबवर्कला चलनावर पाठवलेला माल वेगळा, पण स्टॉक कायमचा तिकडे हलवायचा तर आयजीएसटी, म्हणजे परराज्यातल्या विक्रीचा जीएसटी, लावून बिल फाडायचं. सावकार म्हणाले, “माझाच माल, माझीच शेड, आणि मी मलाच बिल देऊ?” माझ्या डिझाइनमध्ये स्टॉक हलवणं आणि विकणं यांच्यामध्ये भिंत होती. मोठ्या अभिमानाने बांधलेली. ती फोडायला तीन आठवडे लागले. हे मला आधी कळायला हवं होतं का? नाही वाटत. सगळं आधी कळत नाही.

आता मायक्रोसर्व्हिसेस. २०१९ मध्ये आतेभाऊ पुण्याहून एक कोर्स करून आला आणि त्याने चार माणसांच्या टीमचं पॅकेज सात सर्व्हिसेसमध्ये तोडलं. स्टॉकची एक, बिलाची एक, कराची एक. सर्व्हर बेळगावात, शिनोळीची शेड रेडिओ लिंकवर. आमच्याकडचा पाऊस तुम्ही बघितला नसेल. जुलैत लिंक गेली की बिलाला स्टॉक दिसायचा नाही, बिल नाही म्हणून माल वाहून न्यायला लागणारं ई-वे बिल नाही, आणि राज्याची हद्द ओलांडायची म्हणून ट्रक गेटवरच. सन मायक्रोसिस्टिम्स या संगणक कंपनीतल्या मंडळींनी नव्वदच्या दशकात नेटवर्कबद्दलच्या गैरसमजांची यादी केली होती, तिची पहिलीच ओळ ‘नेटवर्क भरवशाचं असतं’ ही आहे. फंक्शनला हाक मारली तर ते उत्तर देतं. सर्व्हिसला हाक मारली तर ती उत्तर देईल, देणार नाही, किंवा काम करून उत्तर द्यायचं विसरेल, आणि मग तुम्ही तेच बिल दोनदा फाडाल. २०२३ मध्ये अ‍ॅमेझॉन प्राइम व्हिडिओच्या एका टीमने व्हिडिओची गुणवत्ता तपासणारी आपली विखुरलेली सिस्टिम एकत्र करून खर्च ९० टक्क्यांहून जास्त खाली आणला. भावाला मी ती बातमी पाठवली. निळ्या टिका आल्या, उत्तर आलं नाही.

एकाच प्रोग्रॅमच्या आत भिंती नीट घालायला शिका. त्या भिंती दोन वर्षं टिकल्या आणि टीम वाढून एकमेकांच्या पायात पाय येऊ लागले, तर त्याच भिंतीवरून सर्व्हिस कापता येते. आधीच भिंत चुकली असेल, तर चुकीची भिंत आता नेटवर्कवर जाऊन बसते, आणि ती हलवणं महाकठीण.

एक राहिलं. हे सगळं छोट्या टीमचं बोलतोय. शेकडो डेव्हलपर आणि रोज वीस वेळा रिलीज असलेल्या ठिकाणी असाल तर सर्व्हिसेस लागतात, तिथे माझं ऐकू नका. आणि ‘तीच ओळ दोनदा लिहू नये’ हेही डोळे मिटून घेऊ नका. बिल आणि चलन दिसायला सारखी म्हणून मी एकदा एकाच क्लासमध्ये कोंबली. आज त्या क्लासमध्ये ‘हे चलन आहे का’ असा प्रश्न ३० ठिकाणी विचारलेला आहे. कोड सारखा दिसला म्हणून एकत्र करायचा नसतो, निर्णय एक असेल तर करायचा.

मुलाखतीत ‘कशी डिझाइन कराल’ विचारलं तर चौकोन काढायच्या आधी उलट विचारा, यातलं काय बदलतं आणि ते कुणाला माहीत असतं. समोरचा वैतागला तर तिथली नोकरी घेऊ नका, असं मी म्हणेन, पण माझ्या घराचे हप्ते फिटलेत, तुमचे तुम्ही बघा.

आणि भावा, तू हे वाचणार हे मला माहीत आहे. त्या रात्री यादीत नाव घातलंस ते बरोबरच केलंस, ट्रक सुटला. पण सावकारांच्या जुन्या मशीनवर २०१४ चं विक्री रजिस्टर काढून बघ. ती ४१ बिलं अजून सीएसटीतच दिसतात, आणि रजिस्टर तू ‘उद्या’ करणार होतास.