'मी' कोण, हे कवितेत किती सांगायचं?

या वेळची बहुतेक पत्रं गेल्या अंकातल्या ऑड्री लॉर्ड यांच्यावरच्या टिपणामुळं आली आहेत. टिपण हुकलं असेल त्यांच्यासाठी: लॉर्ड (१९३४–१९९२) न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये वाढल्या. आईवडील कॅरिबियन बेटांवरून आलेले. आधी ग्रंथपाल, पुढं प्राध्यापक, आणि शाळेपासून कवी.

प्रश्न: लॉर्डबाई स्वतःची ओळख 'काळी, लेस्बियन, आई, योद्धा, कवी' अशी करून द्यायच्या म्हणे. कवीला नुसतं कवी म्हटलं की भागत नाही का? एवढी बिरुदं कशाला? (वाचक, अंबाजोगाई)

बिरुदं नव्हती ती. यातला एकेक शब्द त्यांनी गाळावा म्हणून कुणी ना कुणी अडून बसलेलं असायचं. कृष्णवर्णीयांच्या चळवळीत बाईनं बाईवरच्या प्रेमाबद्दल बोललेलं खपत नसे. स्त्रीवाद्यांच्या सभेत रंगाचा विषय काढला की कपाळाला आठ्या. १९७९ साली न्यूयॉर्कच्या एका स्त्रीवादी परिषदेत, काळ्या आणि लेस्बियन बायकांना एकाच परिसंवादात का कोंबलं, हे त्यांनी त्याच व्यासपीठावरून विचारलं. आपल्याकडं वस्तीतल्या बैठकीत 'आधी जात, बाईचं मागून बघू' आणि महिला मेळाव्यात 'इथं जातीचं नको' असं ऐकलेल्या बाईला हे वेगळं समजवायला नको.

मात्र ही यादी ओळख करून देताना म्हणायची होती, ती प्रत्येक कवितेत भरायची नाही. आमच्याकडं येणाऱ्या कवितांत हाच घोळ दिसतो: पहिल्याच कडव्यात जात, गाव, शिक्षण, बाईपण सगळं मांडून टाकलेलं आणि पुढं सांगायला काही उरलेलं नाही. एका कवितेत एकच बाजू पुढं येऊ द्या, तीही एखाद्या वस्तूतून किंवा कुणाच्या बोलण्यातून.

प्रश्न: माझे आईवडील ऊसतोडीला जायचे. त्यावर लिहिलं की मित्र म्हणतात, ही कविता नाही, भाषण आहे. 'शोषणाच्या चरकात पिळली गेली माझी माय' ही माझी ओळ. काय चुकतंय? (वाचक, परभणी)

चरक कारखान्याचा, पण ओळ कुठलीही आहे. ती गिरणी कामगाराला लावा, वीटभट्टीला लावा, कुठंही बसते. यात तुमची आई दिसत नाही.

लॉर्ड यांची 'पॉवर' ही कविता कशी झाली ते बघा. १९७३ मध्ये न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात एका गोऱ्या पोलिसानं दहा वर्षांच्या काळ्या मुलाला गोळी घालून मारलं. पुढच्या वर्षी ज्युरीनं त्याला निर्दोष सोडलं. निकाल लॉर्ड यांनी गाडी चालवताना रेडिओवर ऐकला, गाडी बाजूला घेतली आणि संतापानं वहीत लिहून काढलं. त्यातून ही कविता आली. तिच्यात मुलाचं वय आहे, पोलिसाची साक्ष आहे, अकरा गोरे पुरुष आणि एक काळी बाई अशी ज्युरी आहे, त्या बाईची उंचीसुद्धा आहे. 'अन्याय झाला' हे वाचणाऱ्याला आपोआप कळतं. शेवटाकडं त्या स्वतःलाही सोडत नाहीत: हा राग वापरता आला नाही तर तो उद्या भलत्याच दुबळ्या माणसावर उतरेल, ही भीती त्या उघड मांडतात. भाषणात ही कबुली कधी येत नाही, कारण भाषणाला शत्रू समोर लागतो.

तुम्ही असं करा. पहिला खर्डा एका बैठकीत, शिव्यांसकट, वहीच्या डाव्या पानावर. त्याला हात लावू नका. उजव्या पानावर फक्त माहिती: कितवं वर्ष, कुठला कारखाना, किती उचल (हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम), ती कुणाच्या नावावर, मुकादम काय म्हणाला ते त्याच्याच शब्दांत, मोळी ट्रॉलीत चढवायला फळी होती की शिडी. आठवत नसेल तर आईला विचारा, अंदाजानं भरू नका. मग पंधरा दिवस वही बंद. उघडल्यावर डाव्या पानावरचे शोषण, वेदना, अंधार, क्रांती, माय-माती हे शब्द खोडा आणि पडलेल्या भोकांत उजव्या पानावरचं काय बसतं ते बघा. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल जोडीची, बोलणी नवऱ्याशी. एवढ्यावरून तुमची ओळ अशी होऊ शकते:

उचल घेताना अंगठा बाबाचा.
मोळी उचलताना डोकं आईचं.

ही आमची ओळ झाली, तुमची उजव्या पानावर सापडेल. शेवटच्या दोन ओळी मात्र बहुतेक वेळा कापाव्याच लागतात. तिथं कवी निकाल देऊन मोकळा होतो. मोठ्यानं वाचून बघा, जिथं आवाज आपोआप चढतो तिथं शब्द कमी पडलेले असतात.

घोषणेला आमचा विरोध नाही. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याच्या जुलै १९७८ च्या ठरावापासून १४ जानेवारी १९९४ च्या नामविस्तारापर्यंत मराठवाड्यातल्या रस्त्यांवर घोषणांनीच किल्ला लढवला. पण ती मोर्चासाठी लिहावी आणि तशीच म्हणावी. कवितेत कोंबली की दोन्ही पडतात.

प्रश्न: मी मुलगी आहे आणि मुलीवर प्रेम करते. कविता लिहिते, पण मराठीत काहीच लपत नाही. घरी कळलं तर? नाव छापू नये. (नांदेड जिल्हा)

लिहिणं आणि छापणं ही दोन कामं आहेत, दोन वेगळ्या दिवशी करायची. आधी लिहिण्याचं.

लॉर्ड यांची एक प्रेमकविता १९७३ च्या संग्रहातून बाहेर राहिली. यातला 'मी' पुरुष आहे का, असं प्रकाशकानं विचारलं होतं. पुढं ती एका मासिकात आली तेव्हा त्यांनी ते पान फाडून आपल्या कॉलेजच्या इंग्रजी विभागात भिंतीवर लावलं. इंग्रजीत 'मी'चं लिंग दिसत नाही म्हणून त्याला विचारता तरी आलं. मराठी क्रियापद चुगली करतं: 'मी वाट बघते, तू आली नाहीस.' दोघीही उघड्या.

तरी वाटा आहेत. भविष्यकाळात लिंग दिसत नाही: 'तू येशील, मी दार उघडीन.' 'मी तुला पाहिलं' यातही नाही. 'तू हाक मारलीस' हे बाईचं वाटतं खरं, पण तो प्रत्यय हाकेचा आहे. पुरुषालाही तसंच म्हणतात. 'मला तुझी आठवण येते' यात तर दोघांचंही कळत नाही. अशा दहा-बारा ओळींची कविता सहज उभी राहते. बिघडतं कुठं? एक, लपायचं म्हणून 'मी वाट बघतो' लिहिलं की केस, डोळे, ओठ असं पुरुषांच्या गाण्यातलं उसनं सामान मागोमाग येतं. दोन, तीन कडवी जपून नेलेली आणि चौथ्यात नकळत 'आलीस' निसटलेलं. वाचणाऱ्याला ती छपाईची चूक वाटते. उघड करायचं असेल तर ठरवून करा, आणि अगदी रोजच्या क्रियापदात. 'जेवलीस का?' एवढं पुरतं.

आता छापण्याचं. टोपणनाव चालतं, पण मानधन बँकेतून जातं, तेव्हा खरं नाव-पत्ता लेखक-सूचीत देऊ नये असं संपादकांना लेखी कळवा. ओळख नावापेक्षा तपशिलातून फुटते: वसतिगृह, खोलीचा नंबर, शिकवणीची वेळ, अर्पणपत्रिकेतली आद्याक्षरं. हे बदला. तिच्याबद्दलचे तपशील तिला विचारल्याशिवाय छापू नका. व्हॉट्सॲप ग्रुपवर कविता टाकू नका, स्क्रीनशॉट परत घेता येत नाही. कायद्याचं एका ओळीत: ६ सप्टेंबर २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं सज्ञान व्यक्तींचा संमतीचा समलिंगी संबंध गुन्हा राहिलेला नाही. लग्नाला मात्र ऑक्टोबर २०२३ च्या निकालातही मान्यता मिळाली नाही.

प्रश्न: नोकरी, स्वैपाक, दोन लेकरं. लिहायला सलग वेळच नाही. (वाचक, लातूर)

लॉर्ड यांनाही दोन लेकरं होती, आणि नोकरी. कविता हा सगळ्यांत कमी खर्चाचा कलाप्रकार, कारण ती दोन पाळ्यांच्या मधे, रेल्वेत, चिटोऱ्यावर होऊ शकते, असं त्यांचं म्हणणं. आपल्या आज्या जात्यावर दळता-दळता ओव्या रचत, त्यांना कुणी वेगळी खोली दिली नव्हती. चिटोऱ्यावर तारीख टाका, आठवड्यातून एकदा सगळे एका वहीत उतरवा. कादंबरीचं मात्र असं जमत नाही.

प्रश्न: सुरुवात कुठून करू? (वाचक, जालना)

इंग्रजी वाचत असाल तर आधी 'सिस्टर आउटसायडर' (१९८४) हे निबंध, मग 'द ब्लॅक युनिकॉर्न' (१९७८). 'पॉवर' याच संग्रहात आहे. यातल्या काही कवितांत पश्चिम आफ्रिकेतल्या देवता येतात, मागची शब्दसूची आधी चाळा, नाहीतर अडखळाल. 'द कॅन्सर जर्नल्स' (१९८०) तब्येतीनं वाचायचं आहे, घरात आजारपण चालू असेल तर थांबा.