गेमिंगसाठी लिनक्स निवडताना

कुठलं लिनक्स घ्यायचं ते नंतर ठरवा. आधी तुम्ही रोज खेळता त्या गेमची नावं प्रोटॉनडीबीवर शोधा; कुठला गेम लिनक्सवर कसा चालतो ते खेळाडू या वेबसाइटवर नोंदवतात. स्टीम हे गेमचं ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या व्हॅल्व्ह कंपनीने २०१८मध्ये प्रोटॉन (विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर) आणल्यापासून स्टीमवरचे बरेचसे विंडोज गेम लिनक्सवर चालू लागलेत. अडतं ते अँटी-चीटपाशी, म्हणजे गेममधली फसवणूक रोखणाऱ्या सॉफ्टवेअरपाशी. व्हॅलोरंट, फोर्टनाइट चालत नाहीत, आणि डिस्ट्रो (लिनक्सचा प्रकार) बदलून त्यात काडीचाही फरक पडत नाही. तेच खेळायचे असतील तर विंडोज काढू नका, खरंच.

बाकी सोपं आहे. एएमडीचं ग्राफिक्स कार्ड असेल तर ड्रायव्हर आयताच मिळतो. एनव्हिडिया असेल तर मी बॅझाइट हा गेमिंगसाठीचा डिस्ट्रो सुचवेन. त्यांची एनव्हिडियासाठी वेगळी आयएसओ (इन्स्टॉल करायची फाइल) आहे, ड्रायव्हर आतच असतो. गेम मात्र विंडोजच्या जुन्या एनटीएफएस (विंडोजची फाइल साठवायची पद्धत) पार्टिशनवरून, म्हणजे डिस्कच्या त्या भागावरून, चालवू नका, लिनक्सच्या पार्टिशनवर नव्याने डाउनलोड करा.