उंदीर, कूलरची फट आणि विषाची पुडी

प्रश्न : नागपूरच्या महाल भागातील आमचे घर जुने, कवेलूंचे आहे. होळीनंतर खिडकीत कूलर बसवला, तेव्हापासून रात्री स्वयंपाकघरात उंदरांचा वावर वाढला असून गव्हाचे दोन कट्टे कुरतडले गेले आहेत. ह्यांनी विषाची पुडी आणून ठेवली आहे, शेजारच्या वहिनी चिकट पुठ्ठा लावायला सांगतात आणि मुलगा आवाजाचे यंत्र मागवू म्हणतो. घरात दोन वर्षांचा नातू आणि एक मांजर आहे. काय करावे?
— एक वाचक, महाल

उत्तर : पुडी उघडली नसेल तर उघडू नका, आणि नातवाचा हात पोहोचणार नाही अशा कुलपाच्या कपाटात ठेवा. दुकानात मिळणारी काळपट भुकटी बहुधा झिंक फॉस्फाइडची असते. पोटातील आम्लाशी तिचा संयोग होऊन फॉस्फिन हा विषारी वायू तयार होतो आणि त्यावर उतारा नाही. पिवळ्या फॉस्फरसचे मलम यकृत निकामी करते, त्यामुळे ते घरात येऊच नये. ब्रोमॅडिओलोनच्या वड्यांनी रक्त गोठणे थांबते आणि उंदीर काही दिवसांनी मरतो. त्यावर ‘के’ जीवनसत्त्वाचा उतारा असला, तरी असा अर्धमेला उंदीर तुमच्या मांजरीने खाल्ला तर तिलाही विषबाधा होऊ शकते. विष खाल्लेला उंदीर पाण्याच्या शोधात बाहेर जाऊन मरतो, हे विक्रेत्याचे बोलणे मनावर घेऊ नका. तो बहुतेक वेळा आढ्यावर किंवा कोठीमागे मरतो आणि नागपूरच्या मे महिन्यात त्याचा वास आठवडाभर घर सोडत नाही.

तुमच्या प्रश्नातला खरा धागा कूलर हा आहे. खिडकीची चौकट आणि कूलरची पेटी यांच्यामध्ये राहिलेली फट आपण चिंध्या, पुठ्ठा किंवा थर्माकोल कोंबून बुजवतो. पुठ्ठा आणि थर्माकोल तर उंदीर एका रात्रीत कुरतडतो, कारण त्याचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात आणि ते झिजवण्यासाठी त्याला काहीतरी कुरतडावेच लागते. लहान उंदराला सुमारे ६ मिलिमीटरची फट पुरते आणि मोठा उंदीर सव्वा सेंटिमीटरच्या छिद्रातून आत येतो. शिवाय कूलरच्या टाकीतून गळणारे पाणी भर उन्हाळ्यात त्याच्यासाठी पाणपोईच ठरते. म्हणून फटीवर पत्र्याची पट्टी किंवा बारीक लोखंडी जाळी ठोका, वायरच्या छिद्रात भांडी घासायची तारेची घासणी घट्ट कोंबून वरून सिमेंट लावा, आणि टाकीची गळती बंद करा. गहू झाकण घट्ट बसणाऱ्या पत्र्याच्या कोठीत हलवा; प्लास्टिकचा डबा त्याला अडवत नाही.

मात्र सगळी भोके पहिल्याच दिवशी बुजवली, तर आतले उंदीर आतच अडकतात. आधी रात्री भिंतीकडेला रांगोळीचा पातळ थर पसरा. सकाळी पावलांवरून वाट कळेल. भिंतीवर जमिनीलगत तेलकट काळा पट्टा दिसला, तरी तीच वाट समजावी. त्या वाटेवर पिंजरा भिंतीला चिकटवून, दार वाटेच्या दिशेने ठेवा. मोठा उंदीर नव्या वस्तूला बिचकतो, म्हणून तीन-चार रात्री दार अडकवून उघडेच ठेवा आणि आत शेंगदाणा किंवा भज्याचा तुकडा ठेवत जा. तो निर्धास्त खाऊ लागला की मग पिंजरा लावा. घाईने पहिल्याच रात्री लावलेला पिंजरा रिकामा राहतो आणि लोक पिंजऱ्यालाच दोष देतात. चाप जास्त खात्रीचा असतो, पण नातवाच्या बोटांचा विचार करता तो फक्त माळ्यावर ठेवावा. सलग काही रात्री काही सापडेनासे झाले की उरलेली वाट बुजवा. कवेलूंचे छप्पर पूर्ण बंद होत नाही हे मान्य आहे, त्यामुळे माळ्यावरचा चाप वर्षभर ठेवावा लागेल आणि छपरावर टेकलेल्या फांद्या छाटाव्या लागतील.

चिकट पुठ्ठ्यावर उंदीर तासन्‌तास तडफडतो, शिवाय पाल आणि चिमणीही चिकटते. भारतीय प्राणी कल्याण मंडळानेही तो वापरू नये असे राज्यांना कळवले आहे. आवाजाच्या यंत्राला उंदीर थोड्याच दिवसांत सरावतात, त्यामुळे ते पैसे पत्रा आणि जाळीवर खर्च करावेत. लेंड्या कोरड्या झाडू नका. फिनाइलचे पाणी शिंपडून, हातमोजे घालून पुसा. उंदराच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो.

कोणी चुकून विष गिळले, तर उलटी करवू नका. पुडीसकट तडक मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयात न्या.

प्रश्न : आमच्या न्हाणीघरात रात्री लांब नाकाचा, चीं-चीं करणारा आणि उग्र वासाचा उंदीर येतो, तो पिंजऱ्यातल्या पोळीकडे पाहतही नाही.
— एक वाचक, सतरंजीपुरा

उत्तर : ती चिचुंद्री आहे आणि ती उंदीर नाही. ती झुरळे आणि किडे खाते, म्हणून पोळीला भुलत नाही. नालीच्या तोंडावर जाळी बसवा आणि झुरळे आवरा. खाद्य संपले की ती येणे बंद करेल.