नवीन निदान, कुलरची घरघर आणि गोळीची वेळ

ताई, एडीएचडीचं (लक्ष टिकवणं अवघड जाणं) निदान नवीन आहे, तर आधी एवढं तपासा: लक्ष उडतं ते एडीएचडीमुळे, की कुलरच्या घरघरीमुळे? बहुतेकदा दोन्ही. आवाज-उजेड-स्पर्श फार बोचणं ऑटिझममध्येही (स्वमग्नता) असतं, आणि एडीएचडी व ऑटिझम यांचं निदान एकत्र करायला डीएसएमने, म्हणजे मानसिक विकारांच्या निदानाच्या अमेरिकी नियमावलीने, 2013 मध्येच मोकळीक दिली. म्हणून आवाजाचा त्रास, झोप, चिंता हे सगळं पहिल्याच भेटीत मानसोपचारतज्ज्ञांना सांगा.

आठवडाभर वहीत तीन रकाने भरा: वेळ, त्या वेळचा आवाज-उजेड-वास-कपडा, आणि पुढे काय झालं. जळगाव-भुसावळचा मे म्हणजे 45च्या आसपास पारा. घामाने चिकटलेली कॉलर, कुलर, त्यात फोडणीचा ठसका. एकेक झेपतं, तिन्ही एकदम आले की डोकं बंद पडतं. त्यातलं एक काढलं तरी पुष्कळ. कुलरच्या पायाखाली रबराचे तुकडे घाला, थरथर कमी होते. कपड्याचं लेबल शिवण उसवून काढा. कात्रीने कापलं तर उरलेली कड जास्त टोचते.

लग्नातल्या डीजेसाठी फोमचे इअरप्लग घ्या. बारीक वळायचे, कान वर-मागे ओढून आत घालायचे आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरायचे. नुसते टेकवले तर काही उपयोग नाही. दिवसभर मात्र घालू नका, मग साधे आवाजही बोचायला लागतात.

मेथिलफेनिडेट (एडीएचडीची गोळी) सुरू झालं तर दुपारची भूक मरते. गोळीआधी कळण्याची भाकरी पोटभर खा. छाती धडधडली, चिंता वाढली तर चहा कमी करा आणि डॉक्टरांना लगेच कळवा. डोस स्वतःहून बदलू नका.