कुत्र्याला दीड महिना जुलाब, डॉक्टरांनी टीएलआय, पीएलआय, बी-१२ लिहून दिलंय. एवढ्या टेस्ट खरंच लागतात का?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: सिडकोत राहता, साडेतीन वर्षांचा लॅब्रॅडॉर आहे, दीड महिना शी पातळ, अधूनमधून उलटी, वजन ३ किलोनं उतरलंय. डॉक्टरांनी टीएलआय, पीएलआय (दोन्ही पॅनक्रियाच्या, म्हणजे स्वादुपिंडाच्या, रक्ततपासण्या), बी-१२ आणि फोलेट (दोन्ही जीवनसत्त्वं) लिहिलं, आणि मित्र म्हणतोय पैसे काढायचे धंदे आहेत. शीतलं कॅलप्रोटेक्टिन करावं का, हेही विचारलंय. शेवटी काकांच्या निफाडच्या गाईबद्दल एक ओळ आहे, तिला महिनोन्महिने पातळ शेण होतंय, तिच्याकडे नंतर येते.

मी डॉक्टर नाही. नाशिकरोडला माणसांच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये १४ वर्षं रक्त काढतेय नि मशीन चालवतेय. या टेस्टची ओळख झाली आमच्या राणीमुळे. जर्मन शेफर्ड, तेव्हा दोन वर्षांची. दुप्पट खायची आणि तरी बरगड्या मोजता यायच्या. शी ढीगभर, पिवळट, तेलकट. सांगायला कसंसंच वाटतं, पण स्वतःचीच शी खायला धावायची. एका दवाखान्यात तीनदा जंताचं औषध झालं, दोन महिने मेट्रोनिडाझोल नावाचं अँटिबायोटिक झालं. चार दिवस बरं, की पुन्हा तेच.

त्यात मी शहाणपणा केला. राणीचं रक्त आमच्याच मशीनवर लावून अमायलेज आणि लायपेज हे पाचक एन्झाइम काढले. दोन्ही नॉर्मल. पॅनक्रिया ठणठणीत आहे, असं घरी जाहीरही करून टाकलं. दुसऱ्या डॉक्टरांना हे सांगितल्यावर ते हसले. रक्तातलं लायपेज काही एकट्या पॅनक्रियातून येत नाही, जठर आणि यकृतातूनही येतं, आणि किडनी बिघडली तरी वाढतं. त्या आकड्यावरून कुत्र्याच्या पॅनक्रियाबद्दल काही ठरवता येत नाही.

त्यांनी टीएलआय लिहिलं. त्यात ट्रिप्सिनोजेन, म्हणजे ट्रिप्सिन या पाचक एन्झाइमचं कच्चं रूप, मोजतात. ते फक्त पॅनक्रियाच बनवतं आणि त्यातला किंचित भाग रक्तात झिरपतो. ते बनवणाऱ्या पेशीच उरल्या नाहीत तर रक्तातला आकडाही पडतो. कुत्र्यात साधारण ५.७ ते ४५ मायक्रोग्रॅम प्रति लिटर हे नॉर्मल. २.५ किंवा त्याखाली आलं तर पाचक रस बनतच नाहीयेत, या आजाराला ईपीआय म्हणतात. राणीचं आलं १.१. जर्मन शेफर्डमध्ये हा आजार जास्त दिसतो, म्हणजे पहिल्याच महिन्यात शंका यायला हवी होती. आता जेवणात एन्झाइमची पावडर कालवतो, शी बांधून होते, वजन भरलंय. ही टेस्ट अँटिबॉडीवर चालते आणि माणसाच्या ट्रिप्सिनसाठी बनलेली अँटिबॉडी कुत्र्याचं ट्रिप्सिन ओळखत नाही. त्यामुळे शेजारच्या लॅबमध्ये स्वस्तात होईल का हे विचारत बसू नका, कुत्र्यासाठीचीच टेस्ट लागते.

आता तुमच्या लॅब्रॅडॉरचं. आधी शी नीट बघा. दिवसात दहा वेळा, थोडी थोडी, चिकट शेंबडासारखी, कधी रक्ताचा ठिपका, पण वजन टिकून, असं असेल तर रोख मोठ्या आतड्याकडे. तुमच्या कुत्र्याचं वजन उतरतंय, म्हणजे लहान आतडं किंवा पॅनक्रिया. म्हणून डॉक्टरांनी लिहिलेलं मला तरी उगाच वाटत नाही. फक्त क्रमाबद्दल माझं मत वेगळं आहे. शीची तपासणी झाली का, हे तुम्ही लिहिलंच नाहीये. जिआर्डिया हा आतड्यातला परजीवी एका नमुन्यात हुकतो, म्हणून वेगवेगळ्या दिवसांचे तीन नमुने द्या. सगळ्यात स्वस्त टेस्ट हीच.

पीएलआय म्हणजे फक्त पॅनक्रियाचं लायपेज मोजणारी टेस्ट. लॅबमधून आकडा येतो तेव्हा २०० मायक्रोग्रॅम प्रति लिटरपर्यंत ठीक, ४०० च्या वर पॅनक्रियाला सूज असण्याची शक्यता, मधलं सगळं धूसर. दवाखान्यातल्या झटपट किटवर 'निगेटिव्ह' आलं तर पॅनक्रियाटायटिस, म्हणजे ही सूज, नसण्याची बरीच खात्री होते. 'पॉझिटिव्ह' आलं तर तेवढ्यावर शिक्का मारू नका, पोटातल्या दुसऱ्या आजारांतही ते येऊ शकतं.

बी-१२ मात्र सोडू नका. माणसात बी-१२ शोषायला लागणारं इन्ट्रिन्सिक फॅक्टर जठरात बनतं, कुत्र्यात मुख्यतः पॅनक्रियात, आणि मांजरात फक्त पॅनक्रियात. हे वाचलं तेव्हा मी थक्क झाले होते. शोषण होतं लहान आतड्याच्या शेवटच्या भागात. त्यामुळे पॅनक्रिया बिघडो, आतडं बिघडो किंवा आतले जिवाणू वाढोत, बी-१२ घसरतं. आणि ते भरून काढल्याशिवाय बाकीचे उपचारही नीट लागू पडत नाहीत. आमच्या रिपोर्टवर खालची मर्यादा २०० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या आसपास छापलेली असते, ती माणसाची. कुत्र्यात ४०० च्या खाली गेलं की बरेच डॉक्टर बी-१२ द्यायला सुरुवात करतात. फोलेट सोबत होऊन जातं, एकट्यानं ते फार काही सांगत नाही.

यादीत नसलेल्या दोन गोष्टी डॉक्टरांना विचारा. एक, अल्ब्युमिन, रक्तातलं एक प्रथिन. ते २ ग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली असेल तर आतड्यातून प्रथिनं गळताहेत का हे बघावं लागतं आणि मग थांबून चालत नाही. दोन, साधं कॉर्टिसॉल हे हार्मोन. ते कमी बनणारा अॅडिसन नावाचा आजार हुबेहूब पोटाच्या आजाराचं सोंग घेतो. कॉर्टिसॉल २ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर असेल तर अॅडिसन जवळजवळ बाद. खाली असेल तर पुढची टेस्ट लागते, लगेच घाबरू नका. पण आधी प्रेडनिसोलोन दिलं असेल तर हा आकडा बिनकामाचा, म्हणून रक्त काढण्याआधी स्टेरॉइड सुरू करू देऊ नका.

शीतलं कॅलप्रोटेक्टिनही तुम्ही विचारलंय. आतड्यात सूज आहे हे ते सांगतं, कशानं आहे ते नाही. एवढ्यात त्यावर पैसे घालू नका. त्यापेक्षा खाणं बदलून बघा. जुनाट जुलाबाची निम्म्याहून जास्त कुत्री नुसत्या आहारानं सुधारतात आणि फरक बहुधा दोन आठवड्यांत दिसतो. रोज चिकन-भात असेल तर त्यानं कधीच न खाल्लेलं काही, समजा मासे आणि बटाटा. आणि दोन आठवडे म्हणजे दोन आठवडे. आजोबांच्या चहात बुडवलेलं बिस्कीटही नाही, पोळीचा तुकडाही नाही. आमच्याकडे सगळा प्रयोग एका बिस्किटावर फसला होता.

द्राक्षांचा हंगाम चालू असेल तर अंगणातलं, टोपलीतलं काही खाल्लंय का बघा. द्राक्ष-बेदाण्यानं आधी उलट्या होतात आणि १ ते ३ दिवसांत किडनी बसू शकते. ते पीएलआयमध्ये दिसणार नाही, किडनीच्या टेस्टमध्ये, क्रिएटिनिनमध्ये, दिसेल. अशी शंका असेल तर हे उत्तर पुढे वाचू नका, दवाखाना गाठा.

काकांची गाय: चारा नीट खाते, ताप नाही, तरी महिनोन्महिने पातळ शेण आणि वाळत चाललीय, तर पशुवैद्यकांना जोन्स डिसीज या आतड्याच्या संसर्गजन्य आजाराबद्दल विचारा. रक्तावर किंवा दुधावर एलायझा (अँटिबॉडी शोधणारी टेस्ट) होते. सुरुवातीच्या काळात ती निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून एकदाच करून निर्धास्त होऊ नये. तोवर तिचं दूध वासरांना पाजू नका आणि वासरं तिच्या शेणापासून लांब बांधा.

रक्त द्यायच्या दिवशी कुत्रा १२ तास उपाशी हवा, पाणी चालेल. रिपोर्ट आला की इथे टाका, पण आकड्यापुढचं युनिटही लिहा, नाहीतर मलाही काही सांगता येणार नाही.